स्टेशन डायरीत नसलेल्या दोन रात्री: तालुक्याच्या ठाण्यातील बेकायदा कोठडीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचे, २०२४ च्या उत्तरार्धातले. गाव, नावे आणि तारखा मुद्दाम दिलेल्या नाहीत. ओळख पटू नये म्हणून अशाच इतर प्रकरणांतले काही तपशीलही यात मिसळले आहेत. कायद्याच्या तरतुदींना मात्र हात लावलेला नाही. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले असल्याने कलमे नव्या क्रमांकांनी दिली आहेत: भारतीय न्याय संहिता (पुढे ‘न्याय संहिता’) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (पुढे ‘सुरक्षा संहिता’).

तरुण २४ वर्षांचा, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला. त्या हंगामात परिसरातल्या विहिरींवरून पाण्याच्या मोटारी आणि केबल चोरीला जात होत्या. जळालेल्या मोटारीतून निघालेली तांब्याची तार दुकानात पोत्यात भरून ठेवलेली असते, म्हणून संशय त्याच्यावर गेला. त्याच्याविरुद्ध आधीचा एकही गुन्हा नव्हता. घरी आई आणि थोरला भाऊ. भाऊ टेम्पो चालवतो.

घटनाक्रम

बुधवारी रात्री साडेआठच्या सुमारास साध्या वेशातले तिघे खासगी पांढऱ्या जीपमधून दुकानावर आले आणि ‘साहेबांनी बोलावलंय’ म्हणून त्याला घेऊन गेले. तिघेही ठाण्याच्या डी.बी. म्हणजे गुन्हे शोध पथकातले होते. दहा वाजता भाऊ ठाण्यात पोहोचला. ठाणे अंमलदाराने सांगितले, ‘इथं कुणालाही आणलेलं नाही. उद्या या.’ भावाने बाहेर येऊन १०:४० ला ११२ क्रमांकावर फोन केला. अर्ध्या तासाने उलट फोन आला: ‘तो ठाण्यातच आहे, चौकशीसाठी आणलाय, काळजी करू नका.’

गुरुवारी आईला भेटू दिले नाही. डबा चहाच्या टपरीवरच्या पोराकरवी आत गेला. शुक्रवारी सकाळी सहाच्या आत त्याला सोडले. सोडण्यापूर्वी दोन कागदांवर सह्या घेतल्या, वाचायला दिले नाहीत. तळपायांवर आणि मांड्यांवर पट्ट्याने मारले होते. कबुली मात्र त्याने दिली नाही. चोरीच्या गुन्ह्यात त्याला पुढे कधीच आरोपी केले गेले नाही.

म्हणजे साधारण साडेतेहतीस तास. सुरक्षा संहितेच्या कलम ५८ प्रमाणे अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर न्यावे लागते. पण इथे २४ तासांचा हिशेब लावायची वेळच येत नाही, कारण अटकच दाखवलेली नव्हती. अटक नाही, तर रोखून ठेवायचा अधिकार पहिल्या तासालाही नाही. ‘चौकशीला बसवून ठेवलंय’ असा कोणताही प्रकार कायद्यात नाही. चौकशीला बोलवायचे तर कलम ३५(३) ची लेखी नोटीस द्यायची, आणि नोटिशीवर आलेला माणूस काम झाले की घरी जातो.

खरी अडचण कुठे होती

कुटुंबाचा पहिला विचार ‘मारलं हे सिद्ध कसं करायचं’ हा होता. अशा बहुतेक प्रकरणांत सगळी शक्ती तिथेच खर्च होते, आणि पोलिसांचे उत्तर ठरलेले असते: पडला असेल, गावात भांडला असेल, आमच्याकडे आलाच नव्हता. यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. माणूस ठाण्यात होता हे एकदा पक्के झाले, की जखमा कशा झाल्या हे सांगण्याची जबाबदारी ठाण्यावर येऊन पडते. जी गोष्ट फक्त त्यांनाच माहीत असू शकते तिचा खुलासा त्यांनीच करायचा, हे तत्त्व पुरावा कायद्यात आधी कलम १०६ मध्ये होते, आता त्याची जागा घेतलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुढे ‘साक्ष अधिनियम’) कलम १०९ मध्ये आहे. त्याने एकट्याने गुन्हा सिद्ध होत नाही, पण ठाण्याला गप्प बसणे अवघड जाते. पोलीस कोठडीतल्या जखमांबाबत थेट तसे गृहीतक कायद्यात घालावे, अशी शिफारस विधी आयोगाने १९८५ मध्येच आपल्या ११३ व्या अहवालात केली होती. ती आजवर अमलात आलेली नाही. त्यामुळे हजेरी सिद्ध करण्याचे ओझे तक्रारदारावरच राहते.

आणि हजेरीचे पुरावे नाशवंत असतात. दुकानांच्या कॅमेऱ्यांचे चित्रण डीव्हीआरच्या, म्हणजे ते साठवणाऱ्या यंत्राच्या, क्षमतेनुसार आठ-पंधरा दिवसांत, फार तर महिन्यात पुसले जाते. वळ आठ-दहा दिवसांत पिवळे पडून विरतात. टपरीवरचा पोरगा काम सोडून गावी जातो. या प्रकरणात जे काही साधले त्याचा पाया पहिल्या पंधरवड्यातच पडला. तेव्हाच्या चुकांची भरपाई पुढे झाली नाही.

वैद्यकीय कागद

शुक्रवारी सकाळी घरच्यांनी त्याला जवळच्या खासगी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी वेदनाशामक दिले आणि चिठ्ठीवर लिहिले: ‘पडल्यामुळे मुका मार’. घाबरलेल्या आईनेच तसे सांगितले होते. ही चिठ्ठी पुढे प्रत्येक टप्प्यावर पोलिसांच्या बाजूने हजर झाली.

शनिवारी भावाने वकिलांना गाठले. वकीलबाईंनी अर्ज लिहायला घेण्याआधी त्याला जिल्हा रुग्णालयात पाठवले. तिथे मेडिको-लीगल केस म्हणून नोंद झाली. अशा नोंदीची खबर रुग्णालयातल्या पोलीस चौकीमार्फत त्याच ठाण्याला जाते, त्यामुळे अनेकजण नोंदच टाळतात. टाळू नये. मात्र केसपेपरवर ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार पोलीस ठाण्यात पट्ट्याने मारहाण’ हे शब्द आणि वेळ आली आहे का, ते तिथल्या तिथे पाहावे. डॉक्टर ‘असॉल्ट’ एवढेच लिहून मोकळे होतात आणि नंतर दुरुस्ती होत नाही. जबाब घ्यायला चौकीचा हवालदार आला, तर वाचून आणि प्रत मागूनच सही करावी.

तीन तपासण्या मुद्दाम मागून घेतल्या. एक, जखमांची मोजमापे: लांबी, रुंदी, रंग, शरीरावरची जागा. पट्टा किंवा काठी जोरात लागली की मधे फिकट पट्टी आणि दोन्ही कडांना समांतर लाल रेघा उमटतात. पडल्याने असा वळ येत नाही. दोन, रक्तातले क्रिएटिन फॉस्फोकायनेज आणि क्रिएटिनीन. मांड्या-नितंबांवरच्या जबर मारहाणीत स्नायू तुटून त्यातले द्रव्य रक्तात उतरते, लघवी चहासारखी होते, मूत्रपिंडावर ताण येतो. जिवासाठी ही तपासणी गरजेची आहेच, शिवाय वरून जखम फारशी न दिसणाऱ्या मारहाणीचा तो आकड्यातला पुरावा आहे. तीन, दोन्ही पावलांचे एक्स-रे.

पहिल्या एक्स-रेत काहीच दिसले नाही. दुखणे थांबेना म्हणून बाराव्या दिवशी पुन्हा काढला, तेव्हा डाव्या पावलाच्या एका लांब हाडाला बारीक तडा आणि त्याभोवती भरून येऊ लागलेले हाड दिसले. पावलाच्या हाडांचे केसाएवढे तडे पहिल्या दिवशी चुकतात, हे हाडांच्या डॉक्टरांना ठाऊक असते. पण दुसरा एक्स-रे काढायचे कुणी सुचवत नाही. या एका फिल्मने प्रकरणाचे वजन बदलले. हाड मोडणे म्हणजे न्याय संहितेच्या कलम ११६ खाली ‘जबर दुखापत’. कबुलीसाठी साधी दुखापत केल्यास कलम १२०(१) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, जबर दुखापतीस १२०(२) खाली दहा वर्षांपर्यंत.

हजेरीचे पुरावे

ठाण्याच्या फाटकासमोर मोबाइलचे दुकान आहे. त्याच्या कॅमेऱ्यात रस्ता आणि फाटक दिसते. मालक आधी तयार नव्हता. ‘साहेबांच्या समोर धंदा करायचाय’ हे त्याचे म्हणणे रास्तच होते. नवव्या दिवशी तो तयार झाला. पंधरा दिवसांपूर्वीचे काही शिल्लक राहत नव्हते, म्हणजे आठवडाभर उशीर झाला असता तर हाती काही उरले नसते.

चित्रण घेताना जे केले ते तपशिलाने सांगण्यासारखे आहे. डीव्हीआरच्या पडद्यावर चालणारे चित्र मोबाइलने टिपून घेतले नाही. न्यायालयात अशा चित्रणावर हमखास आक्षेप येतो. यंत्रातून मूळ स्वरूपातली फाइल आणि ती चालवणारे प्लेअर पेनड्राइव्हवर उतरवले. डीव्हीआरचे घड्याळ ११ मिनिटे पुढे होते. ते आणि मोबाइलचे घड्याळ एकाच छायाचित्रात घेतले. नाहीतर ‘आमच्या डायरीत वेळ वेगळी’ म्हणत ११ मिनिटांवर उलटतपासणी झाली असती. फाइलचे हॅश मूल्य (फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारी संगणकी खूण) काढले, दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या, आणि साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र घेतले: पहिला भाग दुकानमालकाचा, दुसरा तज्ज्ञाचा. चित्रणात बुधवारी रात्री जीप आत जाताना आणि शुक्रवारी पहाटे तो लंगडत बाहेर येताना दिसतो. जीपचा नंबर वाचता येतो.

दुसरा पुरावा अनपेक्षित होता. ११२ च्या प्रत्येक फोनचा घटना क्रमांक पडतो, आणि फोन बंद करताना काय कार्यवाही झाली याचा शेरा लिहिला जातो. भावाच्या फोनपुढे शेरा होता: ‘सदर इसम पोलीस ठाण्यात चौकशीकामी हजर, कॉलरला माहिती दिली.’ बुधवारी रात्री सव्वाअकराला पोलीस यंत्रणेच्याच नोंदीत तो ठाण्यात होता. भावाने फोन फक्त घाबरून केला होता, पण त्या रात्री त्याने केलेल्या कामांतले सर्वांत मोलाचे तेच ठरले.

ठाण्याचे स्वतःचे कॅमेरे हा वेगळाच विषय आहे. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या असे सगळीकडे कॅमेरे लावायला सांगितले. चित्रण १८ महिने, आणि तशी साधने बाजारात नसतील तर किमान एक वर्ष जपायचे आहे. पाचव्या दिवशी ठाणे आणि पोलीस अधीक्षक या दोघांना ‘चित्रण जतन करा’ असा अर्ज देऊन पोच घेतली. उत्तर आले सहा आठवड्यांनी: तांत्रिक बिघाडामुळे चित्रण उपलब्ध नाही. हे उत्तर येणार हे धरूनच पुढची पायरी आखलेली होती. त्याच निकालाप्रमाणे कॅमेरा बिघडला तर ठाणेप्रमुखाने जिल्हा देखरेख समितीला तत्काळ कळवायचे असते. म्हणून माहिती अधिकारात चित्रण न मागता बिघाडाची नोंद, समितीला पाठवलेले पत्र आणि दुरुस्तीची मागणी या तीन गोष्टी मागितल्या. तिन्हींचे उत्तर ‘निरंक’.

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात एका विषयाचा आणि १५० शब्दांचा असावा लागतो, म्हणून तीन वेगळे अर्ज केले: कॅमेरे, त्या तीन दिवसांची स्टेशन डायरी (ठाण्यातल्या घडामोडींची रोजची नोंदवही) आणि ड्युटी वाटप, सरकारी वाहनांची लॉगबुके. डायरी ‘तपासास बाधा’ म्हणून कलम ८(१)(ज) खाली नाकारली, पहिल्या अपिलात काही पाने मिळाली. त्या पानांवर तो बुधवारी नाहीच. गुरुवारी मात्र ‘नोटिशीप्रमाणे ११:०० वाजता हजर, १३:०० वाजता सोडले’ अशी नोंद आहे. त्याने न वाचता केलेल्या सह्यांपैकी एक याच नोटिशीवर होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय घरपोच आला. एक स्थानिक पुढारी सांगून गेला: ‘साहेब दवाखान्याचा खर्च देतील, पोराचं नावही चोरीत येणार नाही, मिटवून टाका.’ कुटुंबाने यावर दोन दिवस गांभीर्याने विचार केला, आणि तो करणे चूक नव्हते. गावात राहायचे आहे, टेम्पो रोज त्याच ठाण्यासमोरून न्यायचा आहे. नकार द्यायचे कारण अगदी व्यवहारी होते: चोरीत नाव येणार नाही हे आश्वासन देणारा ते पाळू शकेल याची खात्री कुणीच देऊ शकत नव्हते.

पोलीस अधीक्षकांकडे तक्रार करावीच लागणार होती. सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर अधीक्षकांना लेखी कळवायचे, तरीही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जायचे. मधली पायरी गाळली की अर्ज तिथेच पडतो.

पोलीस तक्रार प्राधिकरण ही महाराष्ट्रात फारशी वापरली न जाणारी यंत्रणा आहे. प्रकाश सिंग प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांतून ती आली, आणि २०१४ च्या दुरुस्तीने महाराष्ट्र पोलीस अधिनियमात कलम २२-प आणि पुढची कलमे घातली गेली. कोठडीतला मृत्यू, जबर दुखापत, बलात्कार, विहित कार्यपद्धती न पाळता केलेली अटक किंवा डांबून ठेवणे, खंडणी, हे तिचे विषय. साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार तिला आहेत. कमकुवत बाजू अशी की ती शिक्षा देत नाही, शासनाला अहवाल देते. शासनाने अहवाल स्वीकारला तर तो विभागीय चौकशीसाठी प्राथमिक चौकशीचा अहवाल मानला जातो, आणि दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर ठाण्याकडे पाठवून प्रथम खबर म्हणून नोंदवला जातो. ‘स्वीकारला तर’ यात बरेच महिने जातात.

राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे लागते. आयोग भरपाईची शिफारस करतो, चित्रण मागवू शकतो. पण दुसरीकडे न्यायप्रविष्ट असलेल्या विषयात तो सहसा पडत नाही. न्यायालयात जायचे ठरले असल्याने हा रस्ता सोडला.

उच्च न्यायालयात थेट रिट याचिका हा सर्वांत आकर्षक दिसणारा पर्याय होता. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा) भंग झाला तर राज्याने भरपाई द्यावी हे १९८३ च्या रुदुल शहा प्रकरणापासून मान्य झाले आहे. तेव्हा ३५,००० रुपये दिले गेले, १९९३ च्या नीलाबती बेहेरा प्रकरणात दीड लाख. पण रिटमध्ये सहसा साक्षीपुरावा नोंदवला जात नाही. वस्तुस्थितीवरच वाद असेल तर ‘पर्यायी उपाय उपलब्ध आहे, तिकडे जा’ असे ऐकून परत यावे लागते. परभणीच्या डिसेंबर २०२४ मधल्या कोठडी मृत्यूत औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचे आदेश दिले, तेव्हा त्यापुढे शवविच्छेदनाचा आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल होता. जिवंत सुटलेल्या माणसाच्या प्रकरणात तशी चौकशी आपोआप होत नाही.

सहा महिन्यांची भिंत

पर्यायांचा क्रम ठरवला तो महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ ने. कर्तव्याच्या आडून किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावरचा खटला किंवा दावा सहा महिन्यांत दाखल व्हावा लागतो. त्यानंतरही घटनेपासून दोन वर्षांच्या आत खटला दाखल होऊ शकतो, पण त्याला राज्य शासनाची पूर्वपरवानगी लागते. भरपाईचा दावा करायचा तर महिनाभर आधी नोटीसही द्यावी लागते.

कबुलीसाठी मारहाण हे कर्तव्याच्या आडून केलेले कृत्यच नाही, त्यामुळे मुदत लागू नाही, असे म्हणायला १९६० च्या दशकातला सर्वोच्च न्यायालयाचा वेणुगोपाल निकाल आहे. उलट २०२० च्या डी. देवराजा निकालात, अतिरेक झाला तरी त्याचा कर्तव्याशी वाजवी संबंध असेल तर संरक्षण मिळते असे म्हटले आहे. वकीलबाईंचे म्हणणे सरळ होते: हा वाद जिंकता येईलही, पण तो उद्भवूच द्यायचा नाही. अधीक्षक, प्राधिकरण, आयोग यांच्याकडे तक्रार पडून असली तरी हे सहा महिने थांबत नाहीत. विभागीय चौकशी संपायची वाट पाहत बसलेली कितीतरी कुटुंबे इथेच अडकतात, आणि ‘चौकशी चालू आहे’ हे उत्तर त्यांना सातव्या महिन्यापर्यंत मिळत राहते.

प्रत्यक्ष कार्यवाही

आठव्या दिवशी ठाण्यात लेखी तक्रार. ती घेतली नाही, म्हणून स्पीड पोस्टाने ठाण्याला आणि अधीक्षकांना. त्यांनी चौकशी उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे दिली. दुसऱ्या महिन्यात विभागीय तक्रार प्राधिकरणाकडे शपथपत्रासह तक्रार. तिसऱ्या महिन्यात सुरक्षा संहितेच्या कलम १७५ खाली, पोलीस तपासाच्या आदेशासाठी, दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, शपथपत्र जोडून.

इथे नव्या कायद्यातली एक अडचण आली. कलम १७५(४) प्रमाणे लोकसेवकाविरुद्ध, कर्तव्य बजावताना घडलेल्या गोष्टीची तक्रार असेल, तर तपासाचा आदेश देण्याआधी दंडाधिकारी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवतात आणि त्याचे म्हणणे विचारात घेतात. खासगी फिर्यादीसाठी कलम २२३(२) मध्ये तशीच तरतूद आहे. पट्ट्याने मारणे हे कर्तव्यच नसल्याने ही पायरी लागत नाही, असा युक्तिवाद करता आला असता. तो केला नाही. विचार असा होता की अहवाल येऊ द्यावा. पोलिसांना एकदा कागदावर एक गोष्ट ठामपणे सांगू द्यावी. म्हणून तोपर्यंत कुठल्याही अर्जाला दुकानातले चित्रण जोडले नव्हते. तो बुधवारी रात्री आत गेला आणि शुक्रवारी पहाटे बाहेर आला, एवढेच लिहिले होते.

अहवाल आला: सदर इसमास बुधवारी ठाण्यात आणलेच नव्हते, गुरुवारी दोन तास नोटिशीप्रमाणे हजर होता. त्यानंतर चित्रण आणि ११२ ची नोंद दाखल केली. स्टेशन डायरी आणि वरिष्ठांचा अहवाल दोन्ही एका झटक्यात खोटे पडले. मूळ मारहाणीच्या जोडीला खोटा अभिलेख तयार करण्याचे न्याय संहितेचे कलम २५६ आले, आणि त्याचा पुरावा पोलिसांच्याच सहीचा. या डावपेचाला धोका होता. तीन महिने चित्रण लपवून ठेवायचे म्हणजे दुकानमालकावर दबाव येऊन तो फिरला तर प्रमाणपत्राचा आधारच जातो. म्हणून त्याचे शपथपत्र आधीच नोटरीकडून करून ठेवले होते.

तरीही दंडाधिकाऱ्यांनी पोलीस तपासाचा आदेश दिला नाही. सर्व वस्तुस्थिती तक्रारदाराला माहीत आहे असे म्हणून अर्ज खासगी फिर्याद म्हणून चालवला. घटनेपासून तोवर पाच महिने होत आले होते. मुदत वाचली. कलम १२०(२) चा गुन्हा सत्र न्यायालयातच चालतो, आणि अशा फिर्यादीत समन्स काढण्याआधी फिर्यादीचे सर्व साक्षीदार तपासावे लागतात. मोडलेल्या हाडाने गुन्हा जड केला, आणि त्याच कारणाने वाट लांबली. डॉक्टर, दुकानमालक, भाऊ, आई आणि टपरीवरचा पोरगा यांचे जबाब व्हायला बरेच महिने गेले.

उलटा दबाव

तक्रार अधीक्षकांकडे पोचल्यावर तीन आठवड्यांत भावाला कार्यकारी दंडाधिकाऱ्यांची नोटीस आली. सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खालची, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘चॅप्टर केस’. शांतता भंग होण्याची शक्यता, बंधपत्र का घेऊ नये. शिवाय ‘ठाण्यात येऊन हुज्जत घातली, कलम १३२ लागेल’ (न्याय संहितेतले, लोकसेवकाला कामात अडवण्यासाठी हल्ला करण्याचे) असे निरोप येत राहिले. नोटिशीला उत्तर देताना तारखांचा तक्ता जोडला: तक्रार कधी पोचली, नोटीस कधी निघाली, मधे कोणती घटना घडली म्हणतात आणि त्या वेळी टेम्पो कोणत्या टोलनाक्यावर होता. कार्यवाही पुढे सरकली नाही. या काळात ठाण्यात एकट्याने न जाणे आणि तोंडी बोलावण्याला ‘लेखी नोटीस द्या’ एवढेच शांतपणे सांगणे, हे दोन नियम पाळले.

निष्पत्ती

उपविभागीय अधिकाऱ्यांच्या चौकशीचा निष्कर्ष ‘तथ्य आढळून येत नाही’ असा होता. चित्रण बाहेर आल्यावर चौकशी पुन्हा उघडली आणि उपनिरीक्षक व दोन अंमलदारांची विभागीय चौकशी लागली. दोघा अंमलदारांना मुख्यालयात हलवले. उपनिरीक्षकाची वेतनवाढ रोखली गेली. तीस तासांहून अधिक बेकायदा कोठडी आणि मोडलेले हाड यांसाठी ही शिक्षा हलकीच. प्राधिकरणाने बेकायदा डांबून ठेवल्याचा निष्कर्ष काढून शासनाकडे अहवाल पाठवला. तो स्वीकारल्याचे पत्र अजून आलेले नाही.

दंडाधिकाऱ्यांनी उपनिरीक्षक आणि दोन अंमलदारांविरुद्ध बेकायदा अटकाव, कबुलीसाठी जबर दुखापत आणि खोटा अभिलेख या कलमांखाली समन्स काढले आणि खटला सत्र न्यायालयाकडे पाठवला. लोकसेवकावर खटला चालवण्यासाठी सुरक्षा संहितेच्या कलम २१८ खाली लागणाऱ्या शासकीय मंजुरीचा मुद्दा बचावाने घेतला आहे. मंजुरी लागेल असे न्यायालयाने ठरवले तरी, अर्ज मिळाल्यापासून १२० दिवसांत शासनाने निर्णय दिला नाही तर ती मिळाल्याचे मानले जाते, ही नव्या कायद्यातली सोय आहे. ठाणेप्रमुख निरीक्षकावर मात्र समन्स निघाले नाही. तो त्या दोन दिवसांत ठाण्यात होता हे दाखवणारा कागद फिर्यादीकडे नव्हता. भरपाईची रिट याचिका आता दाखल आहे, पाठीशी साक्षीपुरावा आणि समन्सचा आदेश घेऊन.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी संधी बुधवारी रात्री आणि गुरुवारी हुकली. माणूस आत असताना उच्च न्यायालयात धावणे तालुक्याच्या कुटुंबाला जमत नाही, हे खरे. पण सुरक्षा संहितेच्या कलम १०० प्रमाणे बेकायदा अडकवून ठेवलेल्या माणसाच्या शोधाचे वॉरंट तालुक्याचा प्रथमवर्ग दंडाधिकारीही काढू शकतो. ठाण्यापासून न्यायालय चालत दहा मिनिटांवर होते. गुरुवारी सकाळी ११२ चा घटना क्रमांक लिहून अर्ज दिला असता तर कदाचित दुसरी रात्र टळली असती. निदान अर्जावर न्यायालयाचा शिक्का आणि वेळ पडली असती, आणि मग दुकानाच्या कॅमेऱ्यावर इतके अवलंबून राहावे लागले नसते. वकील परवडत नसेल तर वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असणाऱ्यांना तालुका विधी सेवा समितीकडून विनामूल्य वकील मिळतो. कोठडीतल्या माणसाला तर उत्पन्नाची अटही नाही. भावाला हे शनिवारी कळले.

दुसरी गोष्ट खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीची. ‘पडल्यामुळे’ हा शब्द खोडता आला नाही, पण त्याच डॉक्टरांचे ‘माहिती आईने सांगितली, रुग्णाने नाही’ असे शपथपत्र पहिल्याच महिन्यात घेता आले असते. ते वर्षभराने मागितले, तेव्हा डॉक्टरांनी नकार दिला.

निरीक्षक सुटला त्याचे कारणही पहिल्या महिन्यातलेच. माहिती अधिकारात अंमलदारांची ड्युटी मागितली. ठाणेप्रमुखाची रजा, दौरा आणि त्या दिवसांतल्या त्याच्या सहीच्या नोंदी मागायच्या राहिल्या. जीपच्या मालकाचा जबाबही घेतला गेला नाही. नंबर हाती होता, गाडी कुणाच्या नावावर आहे हेही कळले होते. सत्र न्यायालयात त्याला साक्षीदार म्हणून बोलावण्याचा अर्ज आता दिला आहे, त्यावर सुनावणी व्हायची आहे.